देवभातावरचे पाहुणे

मोरव्याच्या सुलूला मी वहिनी म्हणते, पण ती माझ्या कुठल्याच भावाची बायको नाही. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, राहतो मीरा रोडला सिल्व्हर पार्कात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून एका वर्षी देवभात शोधत मी भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावात गेले आणि ही बाई भेटली. देवभात म्हणजे तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारं रानटी भात, लांब कुसळांचं. नुसता हात लागला तरी दाणे पाण्यात गळतात, म्हणून सुलू लोंब्या हिरव्या असतानाच त्यांच्या जुड्या बांधून ठेवते. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका पुढच्या पंचमीसाठी तिच्याकडून ओंजळ ओंजळ नेतात. पैसे काढले की ती भडकते. "देवाचं इकतंय कोन?"

एवढी दिलदार बाई, पण स्वतःच्या राताच्या बाबतीत महाचिक्कू! राता म्हणजे तिच्या खाजणातलं तांबडं भात, खाडीचं पाणी शिरलं तरी मान वर करून उभं राहणारं. बी घराबाहेर द्यायचं नाही, असं तिच्या सासूने मरताना बजावलेलं. मी मूठभर मागितलं तर माझ्या हातावर गरम भाकरी ठेवली. "खा, पन बी मागू नको."

आणि सलग दोन वर्षं तोच राता पळिंज निघाला. लोंब्या दिसायला झकास, आत दाण्याचा पत्ता नाही. सुलूने खाऱ्या पाण्याला शिव्या घातल्या, दृष्ट काढली, सगळं झालं. यंदा कणगीच्या तळाला उरलेलं होतं नव्हतं ते बी तिने पेरलं. हे पीक गेलं की राता संपला, कारण आख्ख्या मोरव्यात तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि शेजारची हंसाबेन जुड्या बांधायला म्हणून गेलो. मी चिखलात पाय घातला, लोंबी धरली, आणि शी! हाताला असला घाण वास, ढेकूण चिरडल्यासारखा. बघते तर लोंबीलोंबीवर लांबुडके हिरवट किडे, काडीसारख्या पायांचे.

"सुलूवहिनी, तुझ्या देवभातावर पाहुणे आलेत गो!"

"देवभाताला कीड न्हाय लागत," ती तिथूनच ठसक्यात म्हणाली. मग जवळ आली, वाकून बघितलं आणि बांधाकडे वळली. बांधावर पाखडाचं गवत माजलेलं, तिथेही हेच किडे. देवाचं म्हणून ती वर्षानुवर्षं त्या कडेला कोयता लावू देत नव्हती ना!

माझा भाचा स्वप्नील शेतकी खात्यात आहे. त्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बघताक्षणी तो ओरडला, "मावशी, हा ढेकण्या! कोवळ्या दाण्यातलं दूध पितो. आधी बांधावरचं गवत फुलतं, तिथे जेवतो. मग रानभातावर. आणि शेतातलं भात दुधात आलं की तिकडे. एक पंगत उठली की दुसरी."

मी तर टाळीच वाजवली. दोन वर्षांचा चोर सापडला! आणि आम्ही त्याला देवाच्या पानावर बसवून जेवू घालत होतो!

सुलूचा नवरा धर्माजी मागे उभा राहून ऐकत होता. त्याने कोयता उचलला आणि थेट बांधावर. "आता एकेकाला बगतो!"

"काकांना थांबवा!" स्वप्नील फोनमधून किंचाळला. "राता फुलायच्या आधी कापायचं होतं. आता कापलं तर सगळे शेतात जातील!"

मी ओरडत धावले. तोवर धर्माजीने एक पट्टा सपासप साफ केलेला, आणि उठलेले किडे आमच्या डोळ्यांदेखत राताच्या दुधाळ लोंब्यांवर जाऊन बसले.

औषध मारावं तर तळ्यात तिची मासळी. स्वप्नील म्हणाला, अजून बरेचसे गवतावर आणि रानभातावरच आहेत, सकाळच्या गारव्यात जाळी फिरवून पकडा.

"जाली फिरवली तर देवभात पान्यात गलेल," सुलू म्हणाली. "फुडच्या पंचमीला तुमाला काय देऊ?"

मी तडकले. "अगं बाई, आमच्या उपासाची काळजी तू कशाला करतेस? आम्ही नुसती भाजी खाऊ!"

तिने तळ्याकडे बघून हात जोडले. पदर खोचला. "उद्या पाटे या. जुन्या मच्छरदान्या आना."

काय ती सकाळ! ग्रुपवर निरोप टाकला आणि निम्मी बिल्डिंग मोरव्यात हजर. खजील झालेल्या धर्माजीने तारेच्या कड्यांना मच्छरदाण्या शिवून दिल्या, साबणाच्या पाण्याच्या बादल्या ठेवल्या. आणि सुरू! "अरे पकडो, भाग रहा है!" हंसाबेन साडी गुडघ्यापर्यंत खोचून धावतेय, मी दोनदा चिखलात आपटले, कुसळांनी सगळ्यांचे हात ओरबाडले, वास तर विचारू नका. देवभाताचे दाणे टपटप पाण्यात पडत होते आणि सुलू सगळ्यांत पुढे, दात ओठ खाऊन जाळी फिरवत होती. देवभात झालं, पाखड झालं, मग राताच्या ओळींतून हलक्या हाताने. आठवडाभर आम्ही रोज जात होतो. घरी नवऱ्यांना चहा स्वतः करायला लागला, तेवढंच पुण्य.

कापणीला सुलूने लोंबी चोळून दाणा दाताखाली धरला. कट्ट! तिने मलाही एक दिला. कट्ट! आम्ही बांधावर लहान पोरींसारख्या उड्या मारल्या. कापलेल्या पट्ट्याजवळचा कोपरा तेवढा पळिंज गेला, बाकी शेत भरलेलं.

मळणी झाल्यावर तिने आम्हाला बोलावलं. मला वाटलं, भाकरी. तिने ओळीने पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि राताच्या भाताने एकेकीची ओटी भरली. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"वहिनी, अगं बी आहे हे! सासूबाई काय म्हणाल्या होत्या?"

"एका घरात ठेवलं म्हनूनच मरत व्हतं ना गो ते?"

हंसाबेनने ओटीत डोकावून विचारलं, "इसकी खिचडी अच्छी बनेगी?"

"शिजवलंस तर बग! जपून ठेवायचं हाय ते, दर साली नवं बदलून देईन!" सुलू कडाडली. आम्ही हसून हसून मेलो. मग तिने माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

"रसिका, एखाद साली माजं गेलं, तर मी तुज्या दारात मागाया येईन. देशील ना मना मूठभर?"

मी ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हो म्हणून मान हलवली.