डिस्क ब्रेकची जीप

लग्न होऊन मी रामनगरला आले तेव्हा आमच्या दारात जुनी जीप होती. माझे यजमान तिच्यातून बाजारकुणंगकडच्या गावांना माणसं न्यायचे. तिचे ब्रेक ड्रमचे. ओढ्यातून गेली की ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि थोडा वेळ ब्रेक लागायचेच नाहीत. म्हणून हे ब्रेकवर पाय हलका ठेवून हळूहळू जायचे, आतलं वाळेपर्यंत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या उतारावर ब्रेकनं एकाच चाकाला धरलं. जीप वळली आणि वारुळावर चढली. मामंजी पुढं बसले होते, त्यांचं मनगट मोडलं. यांनी त्यांना धरून खाली उतरवलं.

मनगट जुळल्यावर हे जीप घेऊन बेळगावला गेले. तिथल्या मिस्त्रीनं भंगारात आलेल्या एका नव्या धर्तीच्या गाडीचे डिस्क ब्रेक काढून पुढच्या चाकांना बसवले. मग चाकांच्या जुन्या रिमा त्या ब्रेकना घासायला लागल्या, त्या बदलल्या. ब्रेकचं पेडल तळापर्यंत जायचं, म्हणून ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलावा लागला.

परत आल्यावर यांनी मामंजींना बसवून जीप मुद्दाम पाण्यातून काढली आणि ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी!

"आता भ्या न्हाई," मामंजी म्हणाले.

भीती गेली ती यांचीच. ओढ्यानंतर सावकाश जाणं बंद झालं. वळणावरही वेग तसाच. मी बोलले की म्हणायचे, "अगं, ब्रेक हाय की!" ब्रेक होता, खोटं नव्हतं. पण आधी ज्याच्या भरवशावर माणसं सुखरूप घरी जात होती, तो यांच्या मनातला धाक होता, हे मला तेव्हा उमगायला लागलं.

एका सकाळी गणेशगुडीच्या रस्त्यावर धुकं होतं. मीही जीपमध्ये होते. वळणावर गवे उभे. यांनी ब्रेक दाबला, चाकं थांबली. पण ओल्या पाचोळ्यावरून जीप घसरतच राहिली आणि रस्त्यात आडवी होऊन थांबली. गवे आमच्याकडे बघत उभे राहिले, मग रानात उतरले.

मागं बसलेली एक म्हातारी गाठोडं घेऊन खाली उतरली.

"कुठं निघालीस, आज्जी?" यांनी विचारलं.

"मी चालत जातो."

"आता काय हुईत न्हाई. ब्रेक नवं हाईत."

"गाडी थांबली रे बाबा. खरं माझं काळीज अजून पळतंय."

यांनी पुन्हा आग्रह केला नाही. ती पुढं चालली आणि तिच्यामागून, तिच्याच चालीनं, हे जीप नेत राहिले.

पुढच्या बाजारादिवशी ती स्टँडवर आली. दुसरी गाडी उभी होती, तरी आमच्याच जीपमध्ये चढली, पुढं, यांच्या शेजारी.

"सावकाश," म्हणाली.

"व्हय, आज्जी," हे म्हणाले.