पागोळीची चार हात जागा

मंगळवारी सकाळी साडेसहाला नाना गेले. सातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पलीकडून दोन थापा पडल्या. ती भिंत नानांच्या घराची. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कोणत्याही वेळी येतं, म्हणून नळ वाजला की नाना पलीकडून काठीनं भिंत दोनदा ठोकत. पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं. मी गॅस बंद केला आणि गेले. नानांच्या पत्नी मालतीकाकू दारात उभ्या होत्या. "काठी सापडेना," त्या म्हणाल्या, "हातानंच वाजवलं."

त्याला आता सात आठवडे झाले. नानांचं वय नव्वदीच्या पुढं होतं, त्यामुळं भेटायला येणारे "सोनं झालं" म्हणून जात होते. ते खरंही असेल. मला मात्र आधीच्या आठवड्यातली दुपार आठवत राहते. डोळ्यांनी दगा दिल्यापासून दोन वर्षं मी त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. त्या दिवशी निधनाच्या बातम्यांत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव होतं. मी ते सोडून पुढची बातमी घेतली.

"एक बातमी गाळलीत, ग्रंथपालबाई," नाना म्हणाले. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, तेव्हापासून ते मला याच नावानं हाक मारत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज बदलला. गाळायचं तर आवाज बदलू द्यायचा नाही… ते सोपं नसतं." मग बऱ्याच वेळानं, जणू दुसरंच काही आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमच्या ओट्याखाली ओल येते का हो अजून?" पावसाळ्यात येते, म्हटलं. "येणारच," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारपणी मन असं इकडून तिकडं जातं.

नाना तहसिलात कारकून होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढं कारभार मराठीत आला, शाळा मराठीत आल्या, पण लोकांच्या पेटीतले घरांचे कागद होते तसेच राहिले. वीस-पंचवीस वर्षांत अशी वेळ आली की मालकाला स्वतःच्या घराचा कागद वाचता येत नसे. मग आमच्या भागात रीतच पडली. जुनं घर घ्यायचं तर आधी कागद नानांना दाखवायचा. ते संध्याकाळी कचेरीतून येत, हातपाय धुवत, ओसरीवर बसत आणि एकेक वाक्य आधी उर्दूत मोठ्यानं वाचून मग मराठीत सांगत. कुणाकडून पैसे घेत नसत, चहाही स्वतःच्या घरचाच पाजत. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं एका कागदातल्या विहिरीच्या हिश्श्याकडं जरा काणाडोळा करा म्हणून गळ घातली होती. "कागदात आहे ते मी वाचणार. ऐकायचं नसेल तर घरी जा," असं त्याला सांगितल्यामुळं दोघांचं पाच वर्षं बोलणं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही लासूर स्टेशनचे. अरविंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाळूजला नोकरी लागली आणि आम्ही शहरात दीड खोलीत राहायला आलो. मी जिन्याखाली स्टो ठेवून स्वयंपाक करत असे, वरून कोणी उतरलं की पातेल्यावर झाकण ठेवावं लागे. या गल्लीत पहिल्यांदा आलो ती दुपार होती. दोन्ही बाजूंना कडुनिंब, दारांपुढं झाडून काढलेली जमीन, आणि आवाज म्हणाल तर कुणीतरी रेडिओ हळू लावलेला. घराचा मालक वारला होता, त्याचा हैदराबादचा पुतण्या घर विकत होता. मागच्या बाजूला उंच खिडकीचं, पत्र्याचं स्वयंपाकघर होतं. मी त्या ओट्यापाशी उभी राहून पाहिलं आणि अरविंदला म्हणाले, हेच. सासऱ्यांनी गावचा एक तुकडा विकला आणि आम्ही इसार देऊन मोकळे झालो. कागद वाचून घ्यायचा असतो, हे गल्लीतल्या लोकांनी आम्हाला त्यानंतर सांगितलं.

"शेजाऱ्यालाच वाचायला द्यायचं?" अरविंद वाटेत हसून म्हणाला. "उंदराला विचारायचं, पोतं शिवू का म्हणून."

नानांनी कागद हातात घेण्याआधी घरची चौकशी केली. घर आवडलं का? काय आवडलं? मी म्हणाले, "स्वयंपाकघर. त्याच्यासाठीच घेतोय. सध्या जिन्याखाली रांधते." काकू आतून म्हणाल्या, "बघा, बाईला काय लागतं ते." नानांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. लांबी, रुंदी, पूर्वेस रस्ता, उत्तरेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ. मग "दक्षिणेस…" म्हणून ते थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "चहा टाका हो," असं आत सांगितलं. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "दक्षिणेस आमचं घर. म्हणजे आमच्या वडिलांचं. बस, कागद साफ आहे." आणि त्यांनी कागदाची घडी केली.

"स्वतःचं घर आलं की माणूस अडखळतोच," घरी जाताना अरविंद म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

पहिल्याच पावसाळ्यात नानांच्या कौलांवरचं पाणी धो धो आमच्या पत्र्यावर पडलं आणि ओट्यावर धार लागली. मी तक्रार केली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी नानांनी पत्रेवाला बोलावला आणि स्वतःच्या छपराला पन्हळ लावून सगळं पाणी स्वतःच्या अंगणात वळवलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यांच्या अंगणात घोटाभर पाणी साचे. काकू चिडत. "लोक पाणी घराबाहेर काढतात, यांनी घरात आणलंय. आता बदकं आणा दोन." नाना धोतर वर खोचून त्या पाण्यातून तुळशीपाशी जात. पुढं आम्ही पत्रे काढून स्लॅब टाकला, तेव्हा बांधकाम बघायला तेच रोज येऊन उभे राहत. गवंड्यानं विचारलं, आजोबा, भिंत तुमची, काही हरकत? "हरकत असती तर उभा राहिलो असतो का?" ते म्हणाले.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा मुलगा विनायक पुण्याहून आला. काकूंना एकटं ठेवणं शक्य नाही, घर विकायचं ठरलं होतं. घेणाऱ्याच्या वकिलानं नानांचा जुना कागद भाषांतर करून मागितला होता. विनायक ते टाइप केलेलं पान घेऊन आमच्याकडं आला आणि खुर्चीच्या कडेला बसला.

"वहिनी, कसं सांगू कळत नाही," तो म्हणाला. "उत्तरेकडची चार हात पट्टी पागोळीसाठी सोडलेली आहे. आमच्या छपराचं पाणी पडायला आणि भिंतीच्या डागडुजीला. ती आमची आहे. तुमच्याही कागदात हेच असणार. वकील म्हणतो, मोकळी करून द्या नाहीतर सौदा नको."

चार हात म्हणजे आमचं स्वयंपाकघर. मी पेटीतून आमचा कागद काढून दिला. त्यानं तो नेला आणि संध्याकाळी वाचून घेऊन परत आला. ती ओळ होती. 'दक्षिणेस' या शब्दाच्या लगेच पुढं.

अरविंदनं कागद परत पेटीत ठेवला. मग म्हणाला, "शेजाऱ्यालाच वाचायला दिलं होतं आपण."

मी रात्रभर विचार करून ठरवलं की वाद घालायचा नाही. जे कागदात आहे ते आहे, असं नानांनीच सगळ्या गल्लीला शिकवलं होतं. सकाळी त्यांच्याकडं जाऊन मी विनायकला म्हणाले, "जागा तुमची आहे. आम्ही मोकळी करू. थोडी मुदत दे." काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या मालकानं यांच्या वडिलांना तोंडी विचारून पत्रे टाकले होते, घर विकलं की काढीन म्हणून. तुम्ही कागद वाचून घेऊन गेलात त्या दिवशी मी यांना विचारलं, हे सांगितलं का नाही? तर म्हणाले, त्या पोरीनं इसार दिलाय, आता सांगून काय तिला परत जिन्याखाली बसवू?"

"बाबा कधी बोलले नाहीत," विनायक म्हणाला.

"ते कशाला बोलतील. मेव्हण्यासाठी जे केलं नाही ते परक्यासाठी केलं, हे माझ्या भावाला कळलं असतं तर?" काकूंनी शेंग मोडली. "विन्या, त्यांनी सोडलंय ते तू उचलायचं नाहीस. भिंत आहे तिथं हद्द लिही. घेणारा नको म्हणाला तर दुसरा बघ."

तो घेणारा नकोच म्हणाला. दुसरा आठ दिवसांनी मिळाला. सौद्याच्या कागदात उत्तरेची हद्द भिंतीपर्यंत लिहिली आहे आणि मी ती मराठीत, स्वतः, दोनदा वाचली.

नानांनी केलं ते बरोबर होतं का, याचा मी अजून विचार करते. शब्द न सोडणाऱ्या माणसानं एक ओळ सोडली आणि त्या ओळीचं पाणी चाळीस वर्षं स्वतःच्या अंगणात साठवलं. मला आठवतं तेवढं, त्या संध्याकाळी त्यांचा आवाज बदलला नव्हता. फक्त चष्मा पुसायला जितका वेळ लागावा त्याहून थोडा जास्त लागला.

काकू पुण्याला गेल्या. पलीकडचं घर बंद आहे. पाणी आलेलं कळावं म्हणून मी आता नळ उघडा ठेवते. ओट्याखाली थोडी ओल आहे.