बाकावरचे सगळे हो म्हणाले

चाळिशीला टेकली तरी तिला सगळे चिमीच म्हणायचे. एका मोठ्या हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीमागे तिची उमेदीची वर्षं गेली. गोळ्या घ्यायच्या विसरलेली म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा भरती होताना ती बघायची आणि आतल्या आत चरफडायची. शेवटी तिने नोकरी सोडली आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर एक अॅप करायला घेतलं. गोळीची वेळ झाली की फोन वाजणार, ‘घेतली’ किंवा ‘नंतर’ असं बटण दाबायचं, आणि गोळी चुकलीच तर घरच्या माणसाला मेसेज जाणार. प्रोग्रॅम लिहायचं काम मैत्रिणीचं. माणसांशी बोलायचं सगळं चिमीच्या गळ्यात.

“बाजारात आणायच्या आधी वीसेक माणसं वापरून बघणारी हवीत,” मैत्रिणीने बजावलं होतं. “कौतुक करणारी नकोत. कुरकुर करणारी दे.”

कुरकुर करणाऱ्यांना काय तोटा, असं चिमीला वाटलं. पण या कामाला लागल्यावर जो तो एकदम सज्जन झाला. हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, “पाठव ना लिंक,” आणि लिंक कुणीच उघडली नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा खच पडला, मग कुणीतरी सुप्रभात टाकलं आणि विषय वाहून गेला. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पत्रकं बाहेर टेबलावर ठेवून जा. ती तिथे पंख्याच्या वाऱ्याने उडत राहिली. औषधाच्या दुकानाबाहेर दोन दिवस उभी राहिली, तर लोक तिला विमावाली समजून रस्ता ओलांडून जायला लागले.

मावसबहिणीचा फोन आला. “अगं, मी तुझ्या अॅपला पाच तारे दिले.”

“ते अजून बाहेरच आलेलं नाही. तारे दिलेस कुठे?”

“हो का? मग दुसऱ्या कुठल्यातरी गोळ्यांच्या अॅपला गेले असतील. पण छान आहे हं तुझं.”

चिमीने फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. तिचे सासरे समोर पेपर वाचत होते. त्यांना घरात अप्पा म्हणत. बस डेपोत टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले, वेळेच्या बाबतीत कडक, सुनेच्या बाबतीत अगदी मऊ.

“किती माणसं हवीत, सूनबाई?” त्यांनी विचारलं.

“वीस हवी होती. आता दहा मिळाली तरी पुरे.”

“मी देतो की.”

आणि दिली. बागेतल्या त्यांच्या बाकावर सकाळी जमणारे सगळे निवृत्त मित्र त्यांनी एका फेरीत नोंदवून टाकले. चिमीने अप्पांसकट एकेकाच्या फोनमध्ये अॅप घातलं, त्यांच्या गोळ्या भरल्या, वेळा लावल्या. सगळे मान डोलवत होते. कुणी काही विचारलं नाही, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

पहिले दोन आठवडे सुखाचे गेले. एकाची एक गोळी चुकली नाही. चिमीने घरात सगळ्यांना आकडे दाखवले, अप्पा नुसते हसले. मग एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला.

“ही माणसं आहेत की पुतळे? कुणीच कधी विसरत नाही, आणि सकाळची गोळी सगळे एकाच पाच मिनिटांत घेतात. वेगवेगळ्या घरांत राहतात ना ही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी चपला घालून थेट बागेत गेली. बाकावर सगळे फोन ओळीने मांडले होते. अप्पा चष्मा नाकावर ओढून एकेकावर बोट टेकवत होते. “तुमची घेतली. यांची घेतली. हा कुणाचा?”

“तो कंपाउंडरचा,” कुणीतरी म्हणालं.

“कंपाउंडरकाका कुठेत?” चिमीने मागून विचारलं.

अप्पांचं बोट तसंच थांबलं. बाकाच्या टोकाचे एक काका घसा खाकरून म्हणाले, “मुलीकडे गेलाय चार दिवस. फोन ठेवून गेला. तुझं काम अडायला नको म्हणून.”

“अप्पा, हे काय चाललंय?”

“तूच म्हणालीस, माणसं हवीत.”

“वापरणारी हवीत!”

“मग वापरतोय की आम्ही,” अप्पा म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

“आणि गोळ्या?”

“गोळ्या घेतो गं,” टोकाचे काका म्हणाले. “घरी, चहाबरोबर. कधी राहते एखादी. हे वाजतं तेव्हा आम्ही असतो इथे आणि गोळ्या तिकडे. मग अप्पा म्हणाले, पोरगी एवढी धडपडतेय, बटणच दाबायचंय ना, दाबू.”

“मग मला सांगायचं ना तसं.”

“तुला नाही कसं म्हणायचं?”

चिमीने पाठ फिरवली. ती तशीच घरी आली आणि भांडी आपटत राहिली. नवऱ्याने समजूत घालायला तोंड उघडलं. “अप्पांनी चांगल्या मनानेच केलं ना.”

“चांगल्या मनाने केलेलं निस्तरता येत नाही,” ती म्हणाली. “वाईट मनाने केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.”

त्या दिवशी अप्पा खाली मान घालून जेवले. तिने भाजी वाढली, त्यांनी हाताने पुरे म्हटलं. तिला स्वतःचाच राग आला. महिनाभर ती दारोदार फिरत होती, पण प्रत्येकाकडे तिने मागितला होता तो होकार, आणि लोकांनी तो दिला होता. याहून जास्त कुणी काय द्यायचं?

दोन दिवसांनी ती अप्पांच्या खोलीत गेली. “माझं एक काम करा. उद्या सगळ्यांना सांगा, मला नावं ठेवायची. जो चांगलं म्हणेल त्याला बाकावरून उठवा.”

अप्पांनी ते काम डेपोच्या शिस्तीने केलं. सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग एक काका म्हणाले, अक्षरं बारीक आहेत, आणि धरण फुटलं. गजर अॅम्ब्युलन्ससारखा आहे, छातीत धस्स होतं. ‘घेतली’ आणि ‘नंतर’ इतकी जवळ आहेत की जाड बोटाखाली दोन्ही येतात. एक चुकली म्हणून मुलाला मेसेज गेला तर तो संध्याकाळी येऊन तासभर भाषण देतो, त्यापेक्षा ‘घेतली’ दाबलेलं बरं. मग गाडी गुडघ्यांवर गेली, सुनांवर गेली, पेन्शनच्या रांगेवर गेली. चिमीचं डोकं उठलं, पण ती लिहून घेत राहिली.

शेवटी तिने सांगितलं, “ज्यांना नकोय त्यांनी आत्ता माझ्यासमोर काढून टाका.” पटापट हात फोनकडे गेले. सगळ्यात आधी अप्पांनी काढलं. “मला नाही जमायचं, सूनबाई,” ते म्हणाले. इतक्या दिवसांत तिला मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं. ती रागावली नाही, उलट तिला हायसं वाटलं.

चौघे उरले. मुलीकडून परत आलेले कंपाउंडरकाका पाचवे झाले. हे पाच जण म्हणजे नुसता वैताग. दात घासत असताना फोन, भाजी फोडणीला टाकली की फोन, आणि प्रत्येक फोनची सुरुवात “हे काय करून ठेवलंयस?” अशी. घरच्या माणसाला जाणारा मेसेज काढला. गजर बदलला, तर तो फार हळू आहे म्हणून परत तक्रार. मैत्रिणीला सगळं दोनदा लिहावं लागलं आणि तिने आठवडाभर चिमीशी धड बोलणं टाकलं. बाजारात यायची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे.

पण गोळ्या चुकायला लागल्या. खरोखरच्या, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वेळी. मैत्रिणीने आकडे बघितले आणि म्हणाली, “आता कुठे माणसं दिसतायत.”

अॅप शेवटी आलं तेव्हा गाजावाजा झाला नाही. मावसबहिणीने या वेळी तारे बरोबर जागी दिले, अर्थात न उघडताच. त्या सकाळीच कंपाउंडरकाकांचा फोन आला, नवीन बटणाचा रंग भडक आहे म्हणून. चिमी गॅस बारीक करून खुर्चीवर बसली, कागद पुढे ओढला आणि म्हणाली, “सांगा काका, कुठलं बटण?”