शून्य दोन एक चार

फ्लॉपीच्या काळात मी बारामतीत एसटी स्टँडजवळ डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायची. गणिताचा पेपर आला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, कारण वर्गमुळाच्या चिन्हाला कीबोर्डवर बटणच नव्हतं. तिथं जागा सोडायची आणि कागद छापून आला की काळ्या पेनानं चिन्ह काढायचं, ही रीत. मला ती कामचुकारपणाची वाटायची. मी नंबर पाठ केले. आधी सिम्बॉल नावाचा फॉन्ट निवडायचा, मग ऑल्ट दाबून धरून शून्य दोन एक चार मारायचं, की वर्गमूळ हजर. त्याचा मला केवढा तोरा होता!

शेळगावकडच्या एका शाळेतले गणिताचे सर दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आले. पाच-सहा शाळांत तोच पेपर जाणार होता. सरांची नोकरी तात्पुरती होती. पेपर नीट पार पडला तर कायम करू, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, आणि ते सरांनी मला दोनदा ऐकवलं. मी फॉन्ट निवडून दिला आणि म्हटलं, "सर, नंबर तुमीच मारा." पडद्यावर चिन्ह उमटलं तसे ते खुदकन हसले. मग पेपरातली सगळी वर्गमुळं त्यांनी एका बोटानं स्वतःच घातली. प्रूफ ओळीखाली पट्टी धरून वाचलं, पानापानावर सही केली आणि इंदापूरची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "अक्षर लई बारीक दिसतंय. फॉन्ट बदल." मी सगळा मजकूर एकदम निवडून जाड मराठी फॉन्ट दिला. आमच्याकडं रोज हेच चालायचं. मराठी शब्द स्वच्छ दिसले, तेवढंच पाहिलं. कॉम्प्युटरच्या पोटात वर्गमूळ नसतंच, नुसता नंबर असतो. फॉन्ट बदलला की त्याच नंबराचं दुसरंच काही दिसतं. हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

परीक्षेला मुलांपुढं वर्गमुळाच्या जागी कसलं तरी मोडकं मराठी अक्षर आलं. मुख्याध्यापक सरांना घेऊन दुकानात आले. "चूक कुणाची?" त्यांनी विचारलं. सह्या केलेलं प्रूफ माझ्या खणात होतं, त्यात एकूण एक वर्गमूळ शाबूत. मालक माझ्याकडं बघत म्हणाले, "प्रूफं आमी ठेवत न्हाय." मी म्हणाले, "चिन्हं सरांनी सोताच्या हातानं घातली." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मला त्याची जास्त किळस येते.

जूनमध्ये त्या शाळेत दुसरे सर आले.

त्यानंतर सर एकदाच दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कसलाच कागद नाही. "ताई, एकदा दाबून बघू का?" मी खुर्ची दिली. माझं लग्नपत्रिकेचं काम उघडं होतं, फॉन्ट मराठी होता. त्यांनी ऑल्ट धरलं आणि सावकाश शून्य दोन एक चार मारलं. पडद्यावर तेच मोडकं अक्षर आलं. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

"म्हंजे माझंच चुकलं व्हतं," ते म्हणाले आणि खुर्ची जागेवर सरकवून निघून गेले.

मी फक्त फॉन्ट बदलून द्यायचा होता. माझा हात माउसवरच होता.