मुक्कामी गाडी कोणाची?

पहिला अर्ज पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिला. दुसरा दिवाळी सरताच, तिसरा मार्गशीर्ष अवसेला येणाऱ्या येळवशीच्या आदल्या दिवशी. पुढच्या सगळ्यांच्या पोचपावत्या माझ्यापाशी आहेत. बेंबळीच्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या वाडीला बस न मिळण्यास जबाबदार इसम असे: आगारप्रमुख, त्यांच्या आधीचे आगारप्रमुख, आणि निम्मी वाडी ऊसतोडीला गेलेली असताना उरलेली डोकी मोजून ‘लोकसंख्या निकषात बसत नाही’ असा शेरा मारणारे साहेब. ती अखेर मिळाली, यास जबाबदार मात्र एकच इसम मानला जातो: तात्या.

तात्या मेंढरांमागे वाढलेला. बसमध्ये तो कधी चढत नसे; धाराशिवलासुद्धा पायी जाई. मी तिथल्या न्यायालयात कारकून म्हणून निवृत्त झालो हे ठाऊक असूनही मला ‘वकीलसाहेब’ म्हणे. शेरा वाचून दाखवला तेव्हा हसला. “माणसं मोजून गाडी देत्यात व्हय? गाडी आली की माणसं ऱ्हात्यात, वकीलसाहेब.”

पलीकडच्या मोठ्या गावी बस मुक्कामाला असे. तिथली ड्रायव्हर-कंडक्टरची खोली पावसाळ्यात गळू लागली. तात्याने फाट्यावर गाडीला हात केला आणि आत न चढताच सांगितले, “आमच्याकडं या. पत्रा कोरडा हाय, भाकर गरम हाय.” ते आले. पुढे मुक्काम आमच्याच वाडीत मंजूर झाला. मंजुरीच्या पत्रात माझ्या अर्जांचा संदर्भ नव्हता. भाकरीचाही नव्हता. तरी गाव त्या बसला ‘तात्याची गाडी’ म्हणू लागले, आणि ते मला आजतागायत पचलेले नाही. घरातही आधार नव्हता. “अवो, तुमच्या अर्जाला पोच येती,” आमची ही म्हणाली, “तात्याच्या भाकरीला गाडी येती.”

उजाडण्यापूर्वी तो त्या दोघांसाठी हंडाभर पाणी तापवी. “आंघोळ करून निघालेला ड्रायव्हर वाटंत कुणाला सोडून जात न्हाय,” हे त्याचे शास्त्र. त्यात तथ्य होते, हे नाइलाजाने नमूद करतो. वाडीतल्या मुली पहाटेच्या बसने कॉलेजला जाऊ लागल्या. दोन बिऱ्हाडे पुण्याहून परत आली. ती मंडळी पारावर तात्याला रामराम करीत. माझ्याकडे दाखल्याचे अर्ज लिहून घ्यायला येत.

शेवटी त्याची छाती भरली. दवाखान्यात नेण्यासाठी त्याला पहिल्यांदाच त्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवले. माझ्या दारापुढे त्याने गाडी थांबवायला लावली. खिडकीतून म्हणाला, “वकीलसाहेब, तुमच्या गाडीत बसलो बरं का आज!”

माझी गाडी. उभ्या गावात हे एकट्या त्यानेच म्हटले, आणि तिथेही मला मागे टाकून गेला. तो परत आला नाही.

त्याचा तेरावा होतो न होतो तोच मुक्काम बंद झाला. तोंडी कारण दिले: कर्मचाऱ्यांची सोय नाही. मुली आता फाट्यापर्यंत अंधारात चालत जातात. एका बापाने आपल्या लेकीला घरीच बसवले आहे. तात्याचा हंडा मी घासून माझ्या अंगणात आणून ठेवला आहे. सरपणही भरले आहे. तेव्हा सोयीची सबब आता चालणार नाही.

आगारप्रमुखांनी येत्या ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून उत्तर द्यावे: ही बस कोणाच्या म्हणण्यावरून सुरू झाली होती? माझ्या अर्जांवरून असेल, तर एक माणूस मेल्याने हुकूम मरत नाही. ती उद्याच सुरू करावी. तात्याच्या भाकरीवरून असेल, तर तेही मोठ्याने सांगावे. मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन, आणि संध्याकाळी भाकरी घेऊन फाट्यावर उभा राहीन.