दहा तासांच्या कॅसेटी

आबांना मुंबईला न्यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कॅसेटी निवडायला गेले. बाकीची कामं वाटून झाली होती. दवाखान्याचे कागद आईच्या पिशवीत होते, गाडी शेजाऱ्यांनी ठरवून दिली होती, दशम्या मावशी करणार होती. मला विचारलं, तू काय करतेस? गाडीत टेप आहे असं कळलं होतं, म्हणून मी म्हटलं, मी ऐकायला काहीतरी आणते.

मुंबईत आबांचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ तिथेच होती. काढलं की माणूस वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. आई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत ऐकत होती आणि मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होते. त्यात एक निळं फूल होतं. मला रडू आलं नाही, भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. दुसऱ्या दिवशीही क्लासला गेले आणि एकही अक्षर चुकलं नाही.

आबा कोल्हापूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायचे. अठरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. निम्म्या जिल्ह्याला त्यांचा आवाज माहीत होता आणि तोंड कुणालाच माहीत नव्हतं. गाडी कुठली, फलाट कितवा, एवढंच सांगायची नोकरी होती, पण त्यांच्याच्यानं तेवढ्यावर राहवायचं नाही. पन्हाळ्याच्या गाडीत पिशवी विसरलेल्या बाईला ते माईकवरून हाक मारायचे. पावसाळ्यात तर त्यांचं एक ठरलेलं असायचं. "गगनबावडा गाडी फलाट चारला लागली हाय. गगनबावड्याची मंडळी, घोंगडं घेतलंय न्हवं? तिकडं पाऊस उभा हाय." साहेब लोकांनी दोनदा समज दिली, पण पाऊस लागला की आबा पुन्हा घोंगड्यावर यायचे.

घसा बसला तेव्हा आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग पेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, माईकवर ओरडून सूज आली आहे, महिनाभर अजिबात बोलू नका, आवाज जपा. आमच्या घरी पथ्य म्हणजे पथ्य. एकदा मला कावीळ झाली म्हणून आईनं वर्षभर तेलाचा थेंब घरात येऊ दिला नव्हता. तिनं माझी शाळेतली पाटी माळ्यावरून काढली, पेन्सिल सुतळीनं बांधली आणि आबांच्या गळ्यात अडकवली. त्या दिवसापासून आबा पाटीवर बोलायला लागले. चुकून तोंडातून शब्द गेला तर आई बोट ओठांवर ठेवायची आणि ते गप्प व्हायचे.

महिना संपायच्या आत दुसऱ्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला आणि गाठ सापडली. घरी आल्यावर आबांनी पाटीवर लिहिलं, "कधी?" आईनं तोंडानं सांगितलं, पंधरा दिवसांनी. पाटी पुसली, काढा झाला, जेवणं झाली. पथ्य तसंच चालू राहिलं.

कॅसेटी भाड्यानं देणारा एक दुकानदार आमच्या क्लासच्या खालीच बसायचा. सगळा माल गाण्यांचा. बोलायच्या कॅसेटी एका खोक्यात मागं टाकलेल्या. त्यानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, वडिलांसाठी, मुंबईला चाललोय. त्याला वाटलं फिरायला चाललोत. त्यानं लगेच विनोदी कथाकथनाच्या चार काढून दिल्या आणि म्हणाला, वडील पोट धरून हसतील. हसले की आबांना ढास लागायची आणि ढास लागली की रुमालावर रक्त यायचं. मी चारही परत केल्या. मग त्यानं एक कौटुंबिक नाटक काढलं. त्यात शेवटी बाप मरतो, असं त्यानंच कौतुकानं सांगितलं. तेही परत ठेवलं. कीर्तनाची हातात घेतली आणि थांबले. कीर्तनकाराचा खणखणीत आवाज आबांनी दहा तास ऐकायचा का, असा विचार आला खरा, पण आईनं देवाचं काहीतरी आण म्हणून बजावलं होतं. घेतली.

असं करत गेलं तर खोकं रिकामं होईल, हे लक्षात आलं. मग मी बघायचंच सोडलं. कोल्हापूर ते मुंबई दहा तास. एक कॅसेट म्हणजे एक तास. दहा मोजून घेतल्या. दोन कीर्तनाच्या, तीन रहस्यकथेच्या, दोन शिकारीच्या गोष्टींच्या, एक ऐतिहासिक नाटक दोन भागांत, आणि कोकणातल्या भुतांची एक. मला गाडीत शांतता नको होती. आबांना बोलावंसं वाटेल, आईला बोट ओठांवर ठेवावं लागेल आणि मला ते बघावं लागेल, एवढंच मला टाळायचं होतं. दुकानदार म्हणाला, एक कोरी पण न्या, घरचं कायतरी भरायला. शेजाऱ्यांकडं भरायचा टेप होता. मी म्हटलं, आमच्याकडं काय भरायचंय?

पहाटे निघालो. गाडी काळी अँबेसिडर, चालवणारे उचगावचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ. आम्ही त्यांना चाचा म्हणत होतो. पुढं ते आणि मी, मागं आई आणि आबा. आजारी माणूस न्यायचा आहे, घशाचं दुखणं आहे, यापलीकडं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वडगावच्या पुढं मी पहिली कॅसेट घातली. कराडपर्यंत कीर्तन झालं. आई डोळे मिटून हात जोडून बसली होती, आबा खिडकीतून ऊस बघत होते. साताऱ्याच्या अलीकडं शिकारी वाघाच्या मागावर निघाला. बाजू संपली की मी कॅसेट उलटायची. मधल्या त्या दहा-बारा सेकंदांत इंजिनाचा आवाज एकदम मोठा व्हायचा. मी बोटं तयार ठेवून बसत होते.

साताऱ्याच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा आईनं चाचांना सांगितलं, आमचे हे स्टँडवर गाड्या पुकारायचे. चाचांनी कप खाली ठेवला. पंधरा वर्षं ते स्टँडच्या दारात भाड्याची वाट बघत उभे राहिले होते. ते घोंगड्याचं तुम्हीच म्हणायचा काय, असं त्यांनी विचारलं. आबांनी मान हलवली आणि हसले. त्या महिन्यात मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

"एकदा म्हणा की, भाऊ," चाचा म्हणाले. "मला पाठ हाय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आबांनी कप बाकावर ठेवला आणि घसा खाकरला. ते म्हणणार होते, मला दिसलं. आईनं बोट ओठांवर ठेवलं आणि चाचांना सांगितलं की डॉक्टरांनी मनाई केली आहे. चाचांनी कानाला हात लावून माफी मागितली. आबांनी पुन्हा कप उचलला. मी म्हटलं, चला, उशीर होतोय, आणि गाडीत जाऊन कॅसेट उलटली. वाघ अजून सापडला नव्हता.

खंबाटकीचा घाट, पुणे, बोरघाट. रहस्यकथेतला खुनी कोण ते पनवेलच्या आसपास कळलं, आणि तो कोण होता ते मी पनवेल ओलांडायच्या आत विसरूनही गेले. नऊ कॅसेटी संपल्या. भुतांची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला. आई नाव सांगायला लागली तर त्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, यांनाच सांगू द्या, मला आवाज ऐकायचाय. आबांनी डॉक्टरांकडं बघितलं नाही. ते आईकडं वळले.

"बोलू काय?"

आवाज खरखरीत होता, पण त्यांचाच होता. आईनं क्षणभर विचार केला.

"बोला," ती म्हणाली. "पण हळू."

आबांनी हळू सांगितलं. नाव, गाव, काय काम करत होतो ते. बाहेरून एक ट्रॉली चालली होती, तिची चाकं वाजत होती. मला फक्त "कोल्हापूर" ऐकू आलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि दुसऱ्या कुणालातरी बोलावलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

ते चांगलं झालं, हेही सांगायला हवं. आबा पुढं नऊ वर्षं जगले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, हातात पाटी. पण ऑपरेशननंतरच्या त्या दिवसांत, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या, मला एक साधा हिशेब लागला. गाठ सापडल्यापासून ऑपरेशनपर्यंत आबांकडं सतरा दिवस आवाज होता. जो आवाज काढूनच टाकायचा होता तो आम्ही जपत बसलो. सूज उतरावी म्हणून सांगितलेलं पथ्य गाठीलाही पाळलं. ते मोडा असं कुणी सांगितलं नाही आणि आम्ही तिघांपैकी कुणाला सुचलं नाही. आई शेजारीच बसली होती. तिला हे कळलं आहे की नाही, मी विचारलं नाही. हे सगळं मला टाईप केलेल्या कागदासारखं स्वच्छ दिसत होतं आणि तरी आत काही हलत नव्हतं.

महिन्याभरानं परत न्यायला तेच चाचा आले. त्यांनी आबांचा गळा बघितला आणि दार उघडून धरलं. कॅसेटींची पिशवी माझ्या मांडीवर होती. बोरघाट चढताना त्यांनी विचारलं, लावायची का कुठली? मी म्हटलं, नको. पुणं गेलं, खंबाटकीचा घाट गेला. इंजिनाचा आवाज येत राहिला. आबा खिडकीतून बघत होते.

साताऱ्याच्या बाहेर चहाचं ते हॉटेल आलं. चाचांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. थोडं पुढं गेल्यावर आई मागून म्हणाली, तुम्हाला ते पाठ आहे म्हणाला होता ना? म्हणा. चाचा गोंधळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आरशात आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी पुटपुटल्यासारखं सुरू केलं, गगनबावडा गाडी फलाट चारला लागली हाय.

"मोठ्यानं म्हणा की," आई म्हणाली. "आवाज राखून काय करायचाय?"

तिला कळलं होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. चाचांनी काच खाली केली आणि मोठ्यानं म्हटलं, घोंगड्यासकट. रस्त्याकडेनं बैल घेऊन चाललेला एक माणूस वळून बघायला लागला. मी मागं बघितलं तर आबांचे ओठ हलत होते. तेव्हा मला रडू आलं, आणि कराड येईपर्यंत ते थांबलं नाही.