मबरूका कुठून फुटली

सुएझच्या गोदीत उस्ता, म्हणजे पक्का कारागीर, म्हणून हाक मारावी अशी तेव्हा तीनच माणसं होती, आणि त्यातल्या अतियाला पोहता येत नव्हतं. त्याला त्याची लाजही नव्हती. "मी गलबतात पाणी शिरू देत नाही, मग मी कशाला पाण्यात शिरू?" असं म्हणायचा आणि मोगरी उचलायचा. त्याचं काम सांधी भरण्याचं. गलबताच्या दोन फळ्यांमधल्या फटीत खजुरीचा काथ्या बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा, वर राळ ओतायची, मग चुना आणि मुशीचं तेल. तीस वर्षं हेच केलेलं. भरलेल्या सांधीवरून बोट फिरवलं की ती कशी बसली आहे ते त्याला कळायचं. डोळ्यांपेक्षा त्याचा बोटांवर भरवसा जास्त.

हिजरी अकराशे अडुसष्ट साली, हजच्या हंगामाच्या तोंडावर, मबरूका गोदीत आली. जुनं पण दांडगं गलबत. गहू आणि यात्रेकरू घेऊन जेद्दाला जायचं, कॉफी घेऊन परत यायचं. अतियाचा जावई शाहीन तिच्यावरच शिडाच्या कामाला होता. डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी, नाळेच्या खाली, अतियाला एक फळी किड्याने पार चाळणी केलेली दिसली. तो तसाच नाखव्याकडे गेला.

"फळी बदलावी लागेल, नाखवा."

नाखवा सरहानने आकाशाकडे पाहिलं. "लाकूड कैरोहून उंटावर येणार. पंधरा-वीस दिवस गेले. तोवर हज उरकेल आणि हे सव्वाशे लोक मला दगड मारतील. उस्ता, मला एवढंच सांग, जेद्दापर्यंत जाईल का?"

अतियाने फळीवर हात ठेवला. दुहेरी काथ्या ठोकायचा, वरून शिशाचा पत्रा मारायचा, असा त्याने हिशेब केला. "जाईल," तो म्हणाला.

त्या एका फळीवर त्याने तीन दिवस घातले. बाकीचं गलबत नेहमीसारखं उरकलं.

मबरूका गेली. चोविसाव्या दिवशी तूर बंदराची एक मच्छीमार होडी आली आणि धक्क्यावर बायकांचा आक्रोश सुरू झाला. तूरच्या खाली दोन दिवसांच्या वाटेवर, पोवळ्यांच्या खडकांत गलबत फुटलं होतं. एकशे चाळीस माणसांपैकी अकरा वाचली. अकरांत शाहीन नव्हता. त्या वर्षी याआधीही दोन तारवं गेली होती. लोकांनी माना हलवल्या, "समुद्राचं पोट कधी भरतं का," म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. अतियाही लागला असता. पण होडीतून मबरूकाचा स्वयंपाकी मुर्सी आला होता, आणि तो गोदीशेजारच्या कॉफीच्या दुकानात बसून सगळ्यांना सांगत होता.

"खडक नंतर. आधी पाणी. मी चूल पेटवत होतो आणि खालून कडकड आवाज. गहू फुगले होते हो! पोती टरारली, फळ्या दाबायला लागली. नाखव्याने गलबत किनाऱ्याकडे वळवलं, वाळूवर चढवू म्हणाला, आणि वाटेत तो खडक."

"पाणी कुठल्या अंगाने आलं?" अतियाने विचारलं.

"तळात बघायला कोण गेलंय, उस्ता? पायाला ओल लागली तसा मी कलमा म्हणायला लागलो."

मग दुसऱ्या उस्ताने, शन्वानने, पेल्यात बघत म्हटलं, "अतिया, तुझी सांध पाणी पीत नाही म्हणायचास ना? या खेपेला तिला तहान लागली वाटतं."

कुणी हसलं नाही. अतिया उठला. काथ्याचा भारा घ्यायला म्हणून निघाला आणि भलतीकडेच, मिठागराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथे कशाला आलो हे त्याला आठवेना.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ठोकत असायचा एका सांधीवर आणि मनात ती दुसरी, शिशाच्या पत्र्याखालची. भरलेलं पुन्हा उकरायचा. जेवायला बसला की मसुराचं कढण पुढ्यात निवून जायचं आणि बोटं ताटाच्या कडेवरून फिरत राहायची.

"अहो बहीयाचे अब्बा," बायको नफूसा म्हणाली, "ताट पितळेचं आहे, गळत नाही. खा."

बहीया त्यांची मुलगी. नवरा गेल्यावर माहेरी येऊन बसली होती. आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून होती. नवव्या दिवशी तिने तोंड वळवलं आणि विचारलं, "अब्बा, तुम्ही भरलेली सांध सुटली का?"

"बहीया!" नफूसा ओरडली.

"विचारू दे तिला," अतिया म्हणाला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मला माहीत नाही, पोरी."

"मग कुणाला माहीत असणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अतियाने अर्धवट सोडलेलं तारू शन्वानच्या हवाली केलं, फडक्यात भाकरी आणि खजूर बांधले, आणि तूरला परत जाणाऱ्या त्याच मच्छीमार होडीत जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली जमीन नव्हती. दोन्ही हातांनी काठ धरून तो सगळी वाट ओकत गेला. होडीवाले म्हणाले, "उस्ता, काठ सोड, त्याला तुझी नखं रुतली." त्याने सोडला नाही.

तूरला त्याला सुवैलिम भेटला. हा त्या किनाऱ्यावरचा बदू, वाळवंटी भटक्या टोळीतला. फुटलेल्या गलबतांचं लाकूड, दोर, खिळे गोळा करून विकणं हा त्याच्या कबिल्याचा पिढीजात धंदा. मबरूकाचं नाव काढताच त्याचे डोळे बारीक झाले.

"समुद्राने टाकलं ते आमचं. सुएझवाल्या, हक्क सांगायला आलास काय?"

"लाकूड तुझंच राहू दे. मला फक्त हात लावायचाय."

"हात लावून काय करणार?"

"बघणार."

"हाताने बघणार?"

"हातानेच."

सुवैलिमने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. पण वेड्याला नाही म्हणू नये असं त्याची आई म्हणायची, म्हणून दोन दिवस उंटावरून त्याने अतियाला किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं.

खडक किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. ओहोटीला माणूस गुडघाभर पाण्यातून चालत जाऊ शके; भरतीला मात्र तिथे लाटा डोक्यावरून जात. मबरूकाचे दोन तुकडे झाले होते. नाळेकडचा तुकडा कुशीवर पडला होता, डावी बाजू वर, आणि अर्ध्या फळ्या सुवैलिमच्या लोकांनी काढूनही नेल्या होत्या. नाळेखालची ती फळी मात्र होती. शिशामुळे जड म्हणून ठेवली असावी. अतियाने पत्र्याची कड छिन्नीने उचकटली, आत बोटं घातली. काथ्या दगडासारखा घट्ट. कुठेही पोकळ नाही. त्याने मुठीने फळी बडवली, पुन्हा बडवली आणि लहान मुलासारखा हसायला लागला.

"बसलीय! अरे, बसलीय बघ! ही नाही गळली!"

"सुटलास तर मग," सुवैलिम म्हणाला. "चल आता, भरती येईल."

अतिया चार पावलं किनाऱ्याकडे चालला आणि थांबला. ही नव्हती, तर कुठली? पाणी तर आलं होतं. इतके दिवस ज्या एका सांधीला तो शिव्याशाप देत होता तिने आपलं काम केलं होतं, आणि माणसं तरी बुडाली होती.

"मागचा तुकडा कुठाय?"

"खडकाच्या पलीकडे, खोलात. गळ्याइतकं पाणी आहे. तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग मरायचंय का?"

"दोर बांध," अतिया म्हणाला.

सुवैलिमने त्याच्या काखेखालून मबरूकाचाच दोर बांधला आणि खडकावर पाय रोवून बसला. अतिया पाण्यात उतरला. थंडगार पाणी छातीला आलं, मग गळ्याला. डोळे मिटून त्याने डोकं पाण्याखाली घातलं आणि हात पुढे केले. हाताला लाकूड लागलं आणि भीती जरा मागे सरली. लाकूड म्हणजे त्याचं गाव होतं. पहिली सांध, दुसरी, तिसरी, सगळ्या घट्ट. उजव्या अंगाला, सुकाणूच्या अलीकडे, बोटं एकदम आत गेली.

तो थबकला. फळी कुठेही मोडलेली नव्हती. सांध मात्र तीन हात लांब उघडी. काठाला थोडा काथ्या लोंबत होता, तो त्याने ओढला. श्वास घ्यायला डोकं वर काढलं आणि मुठीतलं पाहिलं.

वर बोटभर नवा, पिवळट काथ्या. त्याच्याखाली काळा, कुजका, कितीतरी वर्षांचा जुना.

त्याला ती सकाळ आठवली. तीन दिवस त्या डाव्या फळीत गेले होते, यात्रेकरू धक्क्यावर गलका करत होते, आणि उजव्या अंगाला जुना काथ्या उकरून काढायचा त्याने कंटाळा केला होता. वरून नवा ठोकला. मोगरीचा आवाज चांगला आला होता. जुन्यावर नवा, घाईच्या वेळी सगळेच करत. त्यानेही आधी कितीदा केलं असेल, आणि ती तारवं जाऊन परत आली होती.

सुवैलिमने त्याला ओढून वर घेतलं. मुठीतला काथ्या पाहून तो म्हणाला, "गव्हाने उघडली असेल रे. गहू फुगला की काय वाटेल ते फोडतो. मी पाहिलंय."

"पाणी शिरल्याशिवाय गहू फुगत नाही," अतिया म्हणाला.

सुवैलिम ओला दोर गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "तुझं कुणी होतं का गलबतावर?"

"जावई."

"एक्केचाळीस जण आम्ही वाळूत पुरले. चेहरे राहिले नव्हते. बाकीचे आलेच नाहीत." त्याने वाळूतल्या दगडांच्या रांगेकडे बोट दाखवलं. अतिया ओल्या कपड्यांनी त्या रांगेपाशी गेला आणि प्रत्येक दगडापाशी थांबून फातिहा म्हटली. एक्केचाळीस वेळा. सुवैलिम उंटाजवळ वाट बघत राहिला.

घरी आल्यावर त्याने काथ्या बहीयाच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. नफूसा मध्येच तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बहीयाने तो काथ्या हातात घेतला, नवा आणि जुना वेगळा करून पाहिला.

"किती वेळ लागला असता?" तिने विचारलं. "जुना काढायला?"

"एक दिवस."

ती उठून आत गेली.

शुक्रवारच्या नमाजानंतर अतियाने हेच गोदीत सांगितलं. त्याला वाटलं होतं लोक अंगावर येतील. कुणीच आलं नाही. गलबताच्या मालकाचा कारभारी इकडेतिकडे बघून म्हणाला, "हळू बोल. खडकावर आपटलं, असं सगळ्यांनी मान्य केलंय. झालं ना!" आणि ज्याने भर दुकानात टोमणा मारला होता तो शन्वान त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "येडा आहेस का, अतिया? जुन्यावर नवा कोण घालत नाही? उद्या प्रत्येक बुडालेल्या गलबतासाठी लोक आपलं दार ठोठावतील. मेलेले काय परत येणार आहेत?"

"आता जाणारे तरी परत येतील," अतिया म्हणाला.

"मग तू कर शहाणपणा. आम्हाला शिकवू नको."

त्याने तो केला, आणि त्याचा त्रास सगळ्यांना झाला. जुना काथ्या पुरता निघेपर्यंत तो नवा हातात घेईना. चार दिवसांच्या कामाला सात लागायला लागले, तसे बरेच नाखवे शन्वानकडे गेले. जे राहिले त्यांना त्याने आणखी एक अट घातली: गलबत तूरला, म्हणजे खडकांआधीच्या शेवटच्या बंदराला, पोचेपर्यंत तो स्वतः बरोबर येणार. त्या पोहता न येणाऱ्या माणसाने ते पुढे एकोणीस वर्षं केलं. तळात, पोत्यांच्या फटीत, फळीला कान लावून बसायचा. ओकायचा, तोंड पुसायचा, पुन्हा कान लावायचा. तूरला उतरून मिळेल त्या होडीने परत. जमिनीवर असला की त्याला गलबतांचा घोर, गलबतात असला की समुद्राचा.

बहीयाचं दोन वर्षांनी दुसरं लग्न झालं, दोरखंड वळणाऱ्या एका भल्या माणसाशी. बापाशी ती कामापुरतंच बोलायची. एकदा मात्र गलबत सुटायच्या वेळी ती धक्क्यावर आली आणि त्याच्या हातात चार लिंबं ठेवली. "चोखा. उलटी कमी होते," एवढंच म्हणाली आणि गर्दीत गेली.

एकोणीस वर्षांत त्याने तीन गलबतं तूरला अडवली. दोनदा माल उतरवून पाहिलं तर तळ कोरडा ठणठणीत, आणि नाखव्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या खेपेला नाखवा ऐकेचना. "म्हाताऱ्या, तुझ्या कानात पाणी आहे, गलबतात नाही!" अतियाने नांगराच्या दोरावर अंग टाकलं. शेवटी नाखव्याने वैतागून गहू उतरवला, तर खालची दोन पोती ओली होती. सांध अतियानेच भरलेली, नवीन काथ्याची. पण तिच्याजवळ एक खिळा गंजून गेला होता. फळी बदलायला तूरला तेरा दिवस गेले, आणि त्या गलबतावरच्या लोकांचा त्या सालचा हज चुकला.

त्यात दूर पश्चिमेच्या मगरिब मुलखातून आलेला एक म्हातारा होता. सात महिने चालत आला होता. तो अतियाची गळपट्टी धरून रडला. "अल्लाच्या दारापर्यंत आलो होतो रे! तू दार लावलंस! तुझं कधी भलं होणार नाही!"

अतियाने गळपट्टी सोडवून घेतली नाही. म्हाताऱ्याचं रडून होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं. "पुढच्या वर्षी जा, काका," म्हणाला. "शिव्या द्यायच्या तेवढ्या दे, पण पुढच्या वर्षी जा."

संध्याकाळी सुएझची होडी सुटत होती. गोदीत दुसरं तारू कुशीवर पडून त्याची वाट बघत होतं. अतियाने फडक्यात छिन्नी-मोगरी बांधली, काठ धरला आणि आत पाय टाकला.